मानेतला काटा

कोंडाजी नाईक नवा माणूस भेटला की आधी त्याची मान बघायचा. बाकीचं जग चेहरा बघतं, कपडे बघतं, फार तर गाव कुठलं विचारतं. ह्याला त्यातलं काही नको. मान जाड की बारीक, चालताना डोकं डुलतं की खांबासारखं राहतं, एवढंच बघायचं आणि ओठ वाकडा करून निकाल देऊन टाकायचा, “ह्याच्या मानेत काटा न्हाय.” झालं! त्या बिचाऱ्याची गावातली किंमत तिथल्या तिथे ठरली. पुढे त्याने सोन्याचे हात करून दाखवले तरी उपयोग नाही.

काटा म्हणजे तराजूचा. गाव पालीच्या पूर्वेला, डोंगराच्या अगदी पोटाशी. भात झोडून कणगीत गेलं की दिवाळीपासून होळीपर्यंत तिथल्या पुरुषांना एकच काम. नागोठण्याच्या बंदरावरून गाडीने आलेली सुकट, बोंबील, मीठ गोण्यांत भरायचं, गोणी डोक्यावर घ्यायची आणि घाट चढून देशावरच्या बाजाराला जायचं. येताना मिरची, गूळ, कडधान्य. बैल चढेल अशी ती वाट नव्हतीच. निसणीची वाट म्हणायचे तिला. काही ठिकाणी एक हात डोक्यावरच्या गोणीला आणि दुसरा कातळातल्या खोबणीला, अशी चढण. तिथे पाय चुकला तर खाली शोधायला जाण्यात अर्थ नसायचा, तरी लोक जायचे, माणसाची जात आहे.

म्हणून कोण किती मुरलेला चालणारा आहे हे आधीच कळणं गरजेचं होतं, एवढं कोंडाजीचं खरं. कारण बोलायला काय जातं? अमका घाट मी झोपेत चढतो, तमका कडा मी एका दमात उतरलो, असं सांगणारे चावडीवर ढिगाने बसलेले असतात. कोंडाजी म्हणायचा, “तोंडाला काय इचारता? मानेला इचारा. ज्याला डोईवर काय हाय ते कळत न्हाय, त्याला पायाखाली काय हाय ते काय कळणार कपाळ!” टोळीचा नाईक तोच. त्यामुळे मानेला विचारायची रीतही त्याचीच.

रीत अशी. निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या गोण्या कोंडाजीच्या अंगणात भरायच्या. तोंडं शिवायची ती त्याने स्वतः. दाभण आणि सुतळी तो दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही. टोळीत कुणी नवा असला की त्याच्या गोणीत, सुकटीच्या मधोमध, एक नारळाएवढा धोंडा जायचा. सकाळी सगळे घाटाच्या पायथ्याशी वहाळापर्यंत चालत यायचे. तिथे गोण्या कातळावर टेकवायच्या, वहाळाचं पाणी प्यायचं आणि मग चढाला लागायचं. त्या वेळी कोंडाजी नव्या माणसाजवळ जायचा आणि सख्ख्या मामासारखा मायेने विचारायचा, “काय रे, ओझं बरं हाय ना?”

जुने सगळे मूग गिळून गप्प. नव्याने मान हलवून बघितली, आणि म्हणाला की नाईक, गोणीत काहीतरी भलतंच हाय, तर कोंडाजी टाळी वाजवायचा. गोणी उसवायची, धोंडा वहाळात फेकायचा. “काटा हाय पोराच्या मानेत!” तो टोळीत आला. पण नवा जर फुशारकीने म्हणाला की बरं हाय, तर त्याला कुणी काही सांगायचं नाही. धोंड्यासकट त्याने सगळा घाट चढायचा. वर बाजारात, चार परक्यांच्या देखत गोणी उसवली जायची आणि धोंडा बाहेर यायचा. मग हशा. परतताना बाकीच्यांच्या डोक्यावर मिरची आणि गूळ, ह्याच्या डोक्यावर फक्त तो धोंडा. गावात शिरायचं ते धोंडा घेऊनच, आणि तो आपल्या दारात ठेवायचा. नाईकाने दिलेला धोंडा नाईकाने सांगितल्याशिवाय हलवायचा नाही. तो तिथेच राहायचा, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावा म्हणून.

दुष्टपणा म्हणाल तर होता. पण नाईकाचा दुष्टपणा टोळीला शहाणपणा वाटतो, हे काही त्याच गावात झालं असं नाही.

दादूच्या दारात असा एक धोंडा होता. दादू तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला, माणगावकडच्या मामाबरोबर त्या बाजूचे दोनतीन घाट खरोखरच चढून आलेला. तोंडाने जरा मोकळा होता, एवढंच. वहाळावर कोंडाजीने विचारलं तेव्हा छाती काढून म्हणाला, “बरं हाय नाईक, असल्या दोन उचलीन.” वर बाजारात धोंडा निघाला तेव्हा त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं, आणि सगळ्यांनी ते पोटभर पाहिलं. धोंड्या दादू हे नाव त्या दिवशी चिकटलं ते चिकटलंच. पुढे मुलगी द्यायला आलेल्या पाहुण्यांनी दारातला धोंडा पाहिला, शेजारी चौकशी केली, आणि गूळपाणी घेऊन निघून गेले. दादू कोंडाजीच्या पाया पडला. “नाईक, आता तरी हलवू द्या.” कोंडाजी दात कोरत म्हणाला, “ऱ्हाऊ दे की. दार शोभतंय.” दादू मुकाट्याने उठला. नंतर तो टोळीतला सगळ्यात भक्कम चालणारा झाला, लग्नही उशिरा का होईना झालं, पण धोंडा दारातच राहिला.

आता अंबाजीचं ऐका. अंबाजी म्हणजे कोंडाजीचा एकुलता एक मुलगा. उंच, शांत, आईच्या वळणाचा. तो पहिल्यांदा घाटाला निघाला तेव्हा ठमाबाईने, म्हणजे कोंडाजीच्या बायकोने, आदल्या संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, “पोराच्या गोणीत बी घालणार काय धोंडा?”

“का? तो काय आभाळातनं पडलाय?”

“न्हाय, आपलाच हाय म्हणून इचारलं.”

“आपला हाय म्हणून तर मोठा घालतो,” कोंडाजी म्हणाला, आणि खरंच जरा मोठा निवडून घातला. मनातून त्याला खात्री होती की पोरगा ओळखणार. आपल्या रक्ताला कळल्याशिवाय राहतं काय! वहाळावर अंबाजी मान हलवील, धोंडा हाय म्हणेल, आणि मग आपण चौघांत मिशीवर हात फिरवू. तो हात त्याने आधीच मनात फिरवून ठेवला होता.

वहाळावर त्याने विचारलं, “काय रे अंबाजी, ओझं बरं हाय ना?”

अंबाजीने बापाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “बरं हाय, बा.”

मिशीकडे निघालेला हात कोंडाजीने खाली घेतला. पण बोलतो कसा? रीत त्याचीच. सगळा घाट तो पोराच्या मागून चढला, आणि पोरगा त्या ओझ्याखाली एकदाही न डगमगता चढला, हे त्याला दिसलंही नाही, इतका तो रागाने आंधळा झाला होता. बाजारात धोंडा निघाला. नाईकाच्याच मुलाचा, म्हणजे हसायला दुप्पट जोर. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं म्हणाल, तर कोंडाजी. हसला आणि म्हणाला, “ह्याच्या आईनं ह्याला उखळात घालून वाढवला वाटतं, मान हाय का मुसळ!”

धोंडा डोक्यावर घेऊन अंबाजी गावात आला. ठमाबाई दारातच उभी होती. तिने धोंडा उतरवून घेतला आणि पोराला पाणी दिलं. पाणी पिऊन अंबाजी हळूच म्हणाला, “आये, मला वहाळावरच कळलं होतं. घरातून निघतानाच कळलं होतं. पण बानं स्वतःच्या हातानं शिवलेली गोणी. चार माणसांत उभं ऱ्हाऊन, बापानं दिलेल्या ओझ्यात धोंडा हाय, असं कसं म्हणू?”

कोंडाजी आत ओटीवर होता. त्याने हे सगळं ऐकलं. त्या वेळी बाहेर येऊन पोराच्या पाठीवर हात ठेवायला काय लागत होतं? काही नाही. पण सबंध टोळी बाजारात हसली होती, ते हसू त्याच्या कानातून गेलं नव्हतं. तो आतूनच ओरडला, “न कळून उचलला तर गाढव. कळून उचलला म्हणजे तर दोन गाढवं!”

दुसऱ्या दिवशी अंबाजी धरमतरला गेला, आगबोटीत बसला आणि मुंबईला गोदीत हमालीला लागला. परत म्हणून आला नाही. गावचं कुणी मुंबईहून आलं की आईसाठी त्याच्या हातून लुगडं यायचं, गोडेतेलाचा डबा यायचा. बापासाठी निरोपसुद्धा नाही. ठमाबाईने पोराचा धोंडा दाराशी पायरीला लागून ठेवला. त्यावर कुणाला बसू द्यायची नाही, पाय लावू द्यायची नाही. सकाळी सडा घालताना त्याच्यावरही पाणी शिंपडायची. नवऱ्याशी भांडली नाही ती. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने त्याला दोन्ही वेळा जेवायला वाढलं, कपडे धुतले, आजारपण काढलं, आणि त्या गोष्टीबद्दल अवाक्षर काढलं नाही.

कोंडाजीला हे खुपत नव्हतं असं कोण म्हणेल? खुपत होतं. पण तो माणूस असा, की खुपलं की आणखी ताठ व्हायचा. आपल्या मानेत काटा आहे आणि पोराच्या मानेत नव्हता, हे त्याला आता खरं ठरवणं भागच होतं. नाही ठरलं, तर मग मुलगा कशापायी गेला? त्याचं सगळं त्या एका गोष्टीवर टांगलेलं होतं. म्हणून पुढची वर्षं तो जास्तच चेकाळला. नव्यांना धोंडे देत सुटला. गावात निम्म्या दारांत धोंडे झाले.

एका हिवाळ्यात पुण्याकडचे दोन पाहुणे आले. हाफपँट, पायात जाड बूट, पाठीला पिशव्या. जवळचा किल्ला बघून झाला होता, आता टोळीबरोबर निसणीच्या वाटेने वर जायचं म्हणत होते. त्यातला एक चष्मेवाला भारी बोलका. सिंहगड आपण लहानपणापासून चढतो, पुरंदर पावसात चढलोय, चालण्याचा अनुभव म्हणाल तर आमच्या मंडळींत आपणच, वगैरे. कोंडाजीने त्याची मान बघितली आणि रात्री त्याच्या पिशवीत धोंडा घातला. वहाळावर विचारलं, तर पाहुणा म्हणाला, “अहो, ओझं कसलं, कापूस आहे!” टोळीने एकमेकांना कोपरं मारली.

वर पोचल्यावर पाहुण्याने पिशवी उघडली. धोंडा बघितला, भोवती उभ्या माणसांची तोंडं बघितली, आणि त्याच्या ध्यानात आलं. तो हसायला लागला. इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “वा नाईक, वा! म्हणजे मी अजून कच्चाच म्हणायचा!” त्याने तो धोंडा टॉवेलात गुंडाळला, पुन्हा पिशवीत घातला. “हा घरी नेतो. मंडळींना दाखवतो.” राम राम करून गेलासुद्धा.

कोंडाजीचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. असं आजवर झालं नव्हतं. धोंडा घेऊन कुणी हसत जातो म्हणजे काय! त्याने दिवसभर सगळ्यांवर खेकसून घेतलं. पाहुण्याला जमलं ते आपल्याला तेव्हा का जमलं नाही, हे दादू मात्र बरेच दिवस मनात घोळवत राहिला. आणि पाहुण्याकडे बघताना नाईकाचं तोंड कसं झालं होतं, तेही तो विसरला नाही.

त्यानंतर दोनतीन हंगामांत कोंडाजीची मान गेली. गेली म्हणजे वरून पाहता तशीच होती, ताठ आणि जाड. पण सकाळी उठला की उजव्या हाताची दोन बोटं मुंग्या आल्यासारखी बधिर असायची, आणि गोणी डोक्यावर घेतली की वाटायचं, आत काहीतरी आहे. पहिल्यांदा असं वाटलं तेव्हा तो चमकलाच. कुणाची ही हिंमत? वर पोचल्यावर एका बाजूला जाऊन त्याने स्वतःची गोणी उसवली, हात घालून चाचपली. नुसती सुकट. पुन्हा शिवली. पुढच्या खेपेला तसंच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तसंच. साठीकडे झुकलेल्या माणसाला ओझं जड लागतं, ह्यात नवल ते काय? कुणाही म्हाताऱ्याने हे त्याला सांगितलं असतं. पण कोंडाजीला जड लागणं म्हणजे धोंडा, एवढंच ठाऊक. आयुष्यभर त्याने दुसरं काही शिकून घेतलंच नव्हतं.

मग त्याने युक्ती काढली. गोण्या भरून टोळी घरोघर गेली की दार लावून आपली गोणी उसवायची, ओटीवर पालथी करायची, बघायची, भरायची, पुन्हा शिवायची. धोंडा नाही एवढं डोळ्यांनी पाहून ठेवलं की दुसऱ्या दिवशी मान काय म्हणते तिकडे लक्ष द्यायचं नाही. ठमाबाई चुलीपाशी बसून हे बघायची. एकदा फक्त म्हणाली, “काय हरवलंय?”

“तुझं तोंड बंद कर,” कोंडाजी म्हणाला.

तिने बंद केलं.

पुढे बोटांत दाभण धरवेना. एका संध्याकाळी सुतळी ओवताना तिसऱ्यांदा हातातून निसटली तेव्हा दादू पुढे झाला. “नाईक, द्या हिकडं. मी शिवतो.” आवाजात काही नव्हतं, अगदी साधेपणाने बोलला. कोंडाजीला द्यावंच लागलं. त्या दिवसापासून दाभण दादूकडे गेलं. आणि त्याच हंगामात एकदा नागोठण्याहून गाडीला उशीर झाला, बैल थकलेले, म्हणून गाडी वेशीजवळ दादूच्या अंगणातच सोडली. गोण्या तिथेच भरल्या, तिथेच शिवल्या आणि तिथेच राहिल्या. सकाळी तिथूनच उचलायच्या ठरल्या.

कोंडाजी घरी आला. गोणी उसवून बघायची सोय नव्हती. ठमाबाईने भात वाढला, तो त्याने तसाच सारला. दादूच्या अंगणात आपली गोणी. दादूच्या हाताने शिवलेली. दादूच्या दारातला तो धोंडा! घालणार. आज नक्की घालणार. इतकी वर्षं तो ह्याचीच वाट बघत असणार.

सकाळी दादूने स्वतः हात लावून गोणी त्याच्या डोक्यावर दिली. आणि वेस ओलांडायच्या आत कोंडाजीच्या मानेत कळ उठली. आहे! आहे आत! उजव्या बाजूला आहे, नाहीतर मान अशी ओढली गेली नसती. पाऊल टाकावं तसं जड होत होतं. वहाळापर्यंतच्या त्या ओळखीच्या वाटेत त्याला घाम फुटला. पुढे दादू चालला होता, मागे बाकीचे. सगळ्यांना ठाऊक असणार. सगळे मूग गिळून गप्प असणार, त्यानेच शिकवलं होतं तसे.

वहाळ आला. गोण्या कातळावर टेकल्या. माणसं पाणी प्यायला वाकली. कोंडाजी उभाच राहिला. दादू ओंजळीने पाणी प्याला, तोंड पुसलं, त्याच्याजवळ आला आणि अगदी मायेने म्हणाला, “काय नाईक, ओझं बरं हाय ना?”

सगळ्यांची डोकी वर झाली. कोंडाजीला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. विचारणार कोण?

बरं हाय म्हणावं, तर वर बाजारात धोंडा निघणार. मग तो डोक्यावर घेऊन गावात शिरायचं. ठमाबाई दारात असणार. पोराने बरं हाय म्हटलं तेव्हा आपण काय काय बोललो होतो, ते सगळं त्याच्या डोक्यातून एका क्षणात गेलं. नाही. आपण पोरासारखे नाही. आपल्या मानेत काटा आहे. अन् बघा, तो भीतीने नव्हे, आनंदाने ओरडला. “हाय! धोंडा हाय! मधोमध घातलाय आणि उजवीकडं सरकलाय. कुणाला शिकवता रे भडव्यांनो? ह्या मानेला?”

“बघा बरं,” दादू म्हणाला.

कोंडाजीने शिवण दातांनी तोडली. कोपरापर्यंत हात घातला. इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. मग दुसरा हात घातला. मग गोणीच कातळावर पालथी केली. सुकटीचा ढीग पडला, वास उठला, वहाळाकाठच्या जांभळीवर कावळे जमले. तो गुडघ्यांवर बसला आणि बधिर बोटांनी ढीग उपसू लागला. खालीपर्यंत उपसला. गोणी उलटी करून झटकली. मूठभर कोलंबीची टरफलं खाली पडली.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. दादूने हात वर केला. हसणारा गप्प झाला.

“न्हाय, नाईक,” दादू म्हणाला. “मी घातलाच न्हवता. नुसतं इचारलं.”

कोंडाजी सुकटीकडे बघत राहिला. टोळीतल्या एकाने हळूच विचारलं, “मग रीतीनं धोंडा द्यायचा का न्हाय?” दादू म्हणाला, “आपल्याकडनं न्हाय. त्यांचा धोंडा त्यांनी बघावा.” मग त्याने सगळ्यांना हाक मारली, सुकट गोळा करून आपापल्या गोण्यांत वाटून घ्यायला लावली. माणसं कोंडाजीच्या गुडघ्यांभोवतीची सुकटही गोळा करू लागली, तेव्हा एकजण म्हणाला, “नाईक, जरा सरका.” तो सरकला. रिकामी गोणी घडी घालून त्याच्या हातात दिली गेली. “तुमी घरी जावा,” दादू म्हणाला. “चढ तुमाला झेपणार न्हाय.” हे त्याने चिडवायला म्हटलं असतं तर कोंडाजीला बरं वाटलं असतं. पण दादूने ते खरं म्हणून सांगितलं.

टोळी चढाला लागली. कोंडाजी कातळावर बसून बघत होता. पहिल्या वळणावर दादूची गोणी दिसली, मग दिसेनाशी झाली. मग आवाजही गेले.

संध्याकाळी टोळी परतेल, आणि मग गावभर होईल. पण त्याला गावाची फिकीर नव्हती, हे सांगून कुणाला खरं वाटेल? त्याला एकाच बाईची फिकीर होती. बाकी सगळ्यांनी हसावं. तिच्यासमोर मात्र, निदान संध्याकाळपर्यंत, निदान आज दुपारपुरता तरी, मानेत काटा असायला हवा होता.

तो उठला. वहाळात उतरला. पाण्यातून एक नारळाएवढा धोंडा त्याने उचलला, गोणीत गुंडाळला आणि डोक्यावर घेऊन गावाकडे निघाला.

ठमाबाई पायरीवर बसून तांदूळ निवडत होती, अंबाजीच्या धोंड्याशेजारी. नवरा भर सकाळी परत आलेला बघून तिने सूप खाली ठेवलं. कोंडाजीने अंगणातूनच मोठ्याने सुरुवात केली. “बघितलंस काय गो? घातला होता मेल्यांनी! माझ्या गोणीत! वहाळावरच धरला. म्हटलं, तुमच्यासारख्या हरामखोरांबरोबर मी घाट चढत न्हाय. आलो निघून.” त्याने गोणी सोडली आणि धोंडा तिच्या हातात दिला, पुरावा म्हणून. “मानेला कळल्याबिगर ऱ्हातं काय?”

ठमाबाईने धोंडा दोन्ही हातांत धरला. अलगद फिरवला. मग एक हात मोकळा करून तळव्याकडे बघितलं आणि तो लुगड्याला पुसला. तळव्यावर हिरवं शेवाळ लागलं होतं.

“ओला हाय,” ती म्हणाली.

कोंडाजी रिकाम्या गोणीची घडी घालू लागला.

“सुकटीच्या गोणीत ओला धोंडा घालत्यात?” तिने विचारलं. रागाने नाही, मीठ संपलं का विचारावं तशा आवाजात. “एका दिसात सगळी सुकट नासल.”

जन्मभर दुसऱ्यांच्या गोण्यांत धोंडे घालणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. धोंडे त्याने नेहमी कोरडे बघून घातले होते.

ठमाबाई वाकली. तिने तो धोंडा पायरीशी, अंबाजीच्या धोंड्याला लागून ठेवला. हलत होता, म्हणून खाली एक खापराचा तुकडा सारून नीट बसवला.

“पोराला दारातनं निघतानाच कळलं होतं,” ती म्हणाली. “आणि कळूनबी त्यानं तुमची लाज राखली. तुमच्या डोईवर काय हाय ते तुमाला आज बी कळलं न्हाय.”

इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्या गोष्टीबद्दल बोलली होती. कोंडाजीला वाटलं, आता ती आणखी बोलेल, रडेल, शिव्या घालेल, आणि मग कदाचित आपल्यालाही काही बोलता येईल. पण तिने सूप उचललं आणि ती आत भाकरी थापायला गेली.

तो अंगणात उभा राहिला. डोक्यावर काही नव्हतं. तरी मान तशीच ओढत होती, उजवीकडे, सकाळी दादूच्या अंगणातून निघाला होता तशी. त्याने हात वर करून डोकं चाचपून बघितलं.